खडकाकडे झुका: नागपूरहून वाहत्या पाण्यात कयाकिंग शिकायला जाणाऱ्यांसाठी

पोहता येतं, हेल्मेट आणि लाइफ जॅकेटशिवाय उतरायचं नाही हे माहीत आहे, तलावावर कयाक सरळ नेता येते, इथपर्यंत तुमचं झालंय असं धरून लिहितोय. यानंतर वाहतं पाणी येतं. तिथे एका चुकीने माझे आठ महिने खाल्ले. तुमचे जाऊ नयेत.

आपल्या नागपूरकरांची अडचण अशी की शिकण्याजोगं वाहतं पाणी जवळ नाही. तोतलाडोहच्या परिसरातली पेंच म्हणजे व्याघ्र प्रकल्प, तिथे उतरायचा विचारही नको. पावसाळ्यातली कन्हान गढूळ लोंढा असते, नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. आणि कोल्हापुरी बंधारे! हातभर उंचीवरून पडणारं ते पाणी दिसायला साधं दिसतं, पण पायथ्याशी ते उलटं फिरत राहतं आणि आत गेलेल्या माणसाला बाहेर येऊ देत नाही. बंधाऱ्यावरून कयाक नेऊन पाहू, असं कुणी मित्र म्हणाला तर त्या दिवशी त्याच्यासोबत जाऊच नका.

म्हणून आपल्याला रायगडातलं कोलाड. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई आणि पुढे गोवा महामार्ग. आदल्या दिवशीच पोचा, कारण तिथल्या कुंडलिका नदीचं पाणी सकाळचं असतं आणि ते कुणासाठी थांबत नाही. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं. हे केंद्र १९२७पासून चालू आहे. वीज तयार झाली की पाणी नदीत सुटतं. याच धरणाविरुद्ध १९२१मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला होता, सेनापती बापटांचा. दर वेळी स्कर्ट, म्हणजे कमरेभोवतीचं कयाकचं तोंड झाकणारं कापड, ओढून बसताना मला हे आठवतं. कुणाची तरी भातखाचरं बुडाली, त्यावरचं हे पाणी आहे.

सुटलेल्या पाण्याबरोबर राहायचं असतं. रेंगाळलात की पाणी पुढे निघून जातं आणि मघाशी ज्यांच्यावरून राफ्ट गेल्या ते दगड डोकं वर काढतात. माझ्या दुसऱ्या खेपेला तेच झालं. स्कर्टची कड सारखी निसटत होती म्हणून मी एका खडकामागच्या एडीत, म्हणजे उलट फिरणाऱ्या संथ पाण्यात, पंधरा-वीस मिनिटं थांबलो. निघालो तेव्हा नदी उतरायला लागली होती. पुढच्या अरुंद वळणावर म्हशीच्या पाठीएवढा काळा खडक उघडा पडला होता आणि माझी कयाक त्याच्याकडे आडवी चालली होती.

अशा वेळी प्रत्येक जण जे करतो तेच मी केलं. खडकापासून अंग दूर घेतलं. पापणी लवायच्या आत उलटलो. हेल्मेटवर दगड घासल्याचा आवाज कवटीच्या आत ऐकू आला, तो अजून विसरलेलो नाही. रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच पुन्हा सुलटी करणं, जमला नाही. स्कर्ट सोडून बाहेर आलो आणि घाबरून उभा राहायला गेलो. काठावरून कोलाडचा मुलगा ओरडला, "दादा, पाय वर! पाय वर घ्या!" वाहत्या पाण्यात पाय टेकवला आणि तो दोन दगडांत अडकला, तर मागचं पाणी माणसाला तोंडावर पाडतं आणि दाबून ठेवतं. त्याने दोरी टाकली, मी वाचलो. कयाक मात्र खडकाला चिकटून बसली, ती काढायला तिघं लागले.

आता नीट समजून घ्या, कारण मला कुणी समजावलं नव्हतं. कयाक खडकावर आडवी टेकली की पाणी वरच्या बाजूने ढकलत असतं. तुम्ही खडकापासून दूर झुकलात, म्हणजे पाण्याच्या दिशेने झुकलात. तीच कड खाली जाते, पाणी डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या बाजूवर, चढतं आणि होडी पालथी करतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तिथे मनगटाची ताकद कामाची नाही. याउलट खडकाकडे झुकलात, छाती आणि दंड त्याला टेकवलात, तर पाण्याकडची कड उचलली जाते आणि पाणी होडीखालून जातं. तुम्ही टिकता. मग हाताने खडकाला रेटत हळूहळू पुढे सरका, होडीचं नाक सुटलं की पाणीच तुम्हाला घेऊन जातं. त्या मुलाच्या शब्दांत, "दगडाला मिठी मारा, दादा."

एक अपवाद पक्का ध्यानात ठेवा. पाणी खडकावर आपटून फेसाळत मागे येत असेल तर ठीक. फेस न होता ते गुपचूप आत शिरत असेल, तर तो खडक खालून पोखरलेला आहे. तिथे मिठीबिठी काही चालत नाही. काठावरून आधीच पाहून घ्या आणि होडी खांद्यावर घेऊन चालत जा.

याचा सराव नागपुरातच होतो. स्विमिंग पूलच्या भिंतीशी कयाक आडवी लावा, मित्राला दुसऱ्या बाजूने जोरात ढकलायला सांगा आणि भिंतीकडे झुका. अंग ऐकत नाही, पन्नास-साठ वेळा केल्यावर ऐकायला लागतं. माझं ऐकलं, तुमचंही ऐकेल. घाई नको.

दोन दिवसांत रोल शिकवण्याची हमी देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मी तसंच एक शिबिर केलं, तिथे खडक हा शब्दही निघाला नाही. व्हिडिओ पाहून शिकू म्हणाल तर डोळे शिकतात, कंबर शिकत नाही. गुरू निवडताना एवढंच पाहा की तो "आज नाही" म्हणतो का. वळणाआधी उतरून काठाने चालत जातो का. माझा आताचा शिक्षक माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे आणि त्याने मला दोनदा नदीवरून परत पाठवलंय. दोन्ही वेळा नागपूरपर्यंतच्या प्रवासात मी चिडलेलो होतो. आज त्याच्याशिवाय उतरत नाही.

चौथ्या खेपेला तोच काळा खडक समोर आला. मी झुकलो. गार, बुळबुळीत दगड गालाला लागला, कमरेखालून पाणी धडधडत गेलं आणि चार बोटं सरकल्यावर होडी सुटली. रोल अजून उजवीकडूनच येतो. डावीकडून दहात तीनदा जमतो, त्यासाठी या उन्हाळ्यात रोज सकाळी सहाला पूलवर असतो.