तलावांची विभागवार यादी करताय? या चुका टाळा

भाचीच्या प्रोजेक्टसाठी भारतातल्या तलावांची यादी करायला बसलो आणि पहिल्याच ओळीत फसलो. इंदूरजवळचा तलाव यशवंतसागर, खोरं : नर्मदा. लिहिताना शंकासुद्धा आली नाही. इंदुरात नळाला नर्मदा येते, मग तलाव दुसऱ्या कुणाचा असणार?

पण नर्मदा इथे पंपांनी चढवून आणलेली आहे, थेट नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर. यशवंतसागर आहे गंभीर नदीवर. गंभीर मिळते क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. म्हणजे खोरं गंगेचं आणि पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात! महूपलीकडे पातालपाणीला मात्र चोरल नदी नर्मदेकडे, म्हणजे अरबी समुद्राकडे उडी घेते. रविवारच्या सहलीत आपण पाणलोटाची कड ओलांडतो आणि पत्ताही लागत नाही.

तेव्हा नळ विसरा. सांडव्यातून निघालेलं पाणी कुठे जातं, ते नकाशावर बोट ठेवून समुद्रापर्यंत बघा. गांधीसागर आणि इंदिरासागर दोन्ही मध्य प्रदेशातच, पण पहिला चंबळेवर, दुसरा नर्मदेवर. राज्य आणि खोरं हे दोन वेगळे रकाने हवेत. एकातच दोन्ही कोंबलं की गोंधळ झालाच.

बोट समुद्रापर्यंत पोचलंच नाही, तर जबरदस्तीने कुठलं तरी खोरं लावू नका. राजस्थानातल्या सांभर सरोवराला नद्या येऊन मिळतात, बाहेर काहीच जात नाही. लोणारचंही तसंच, बाहेर वाट नाही. तिथे सरळ ‘अंतर्गत जलप्रवाह’ लिहा.

राज्यांच्या रकान्यातही खड्डे आहेत. भाक्रा धरण म्हटलं की पंजाब आठवतो, पण त्याचा जलाशय गोविंदसागर हिमाचलात आहे. पुलिकत आंध्र आणि तमिळनाडू दोघांत पसरलंय. पँगाँगसमोर जम्मू-काश्मीर दिसलं तर समजा, यादी २०१९ च्या आधीची आहे. आता लिहायचं लडाख. शिवाय हे सरोवर पुढे तिबेटात जातं, त्यामुळे सगळं क्षेत्रफळ भारताच्या बेरजेत धरू नका.

आणि बेरजेआधी नावं तपासा. माझ्या यादीत ‘भोजताल’ आणि ‘बडा तालाब’ दोन्ही होते. भोपाळचा एकच तलाव दोनदा मोजला होता.

भाचीने नर्मदा खोडून गंगा लिहिलं. बाबांनी चष्म्यावरून वही बघितली आणि विचारलं, “मग आपल्या नळाला काय येतं?”