शहाबादी फरशीवर जपान काढायचा तर

पंचवटीतल्या आमच्या ओसरीला शहाबादी फरशी आहे. दर मे महिन्यात तिच्यावर मी नातवंडांकडून एकेक देश काढून घेते. जपानसाठी एवढंच करा: दोन सांध्यांमधलं अंतर 5 अंश धरा. एक आडवा सांधा 35 उत्तर अक्षांश. उभे तीन सांधे 130, 135 आणि 140 पूर्व रेखांश.

आधी होन्शू, जपानचं सगळ्यांत मोठं बेट. 130च्या थोडं पुढे, 35च्या जरा खाली खडू टेकवा. पूर्वेकडे न्या, 140 जवळ आलं की वर वळवा आणि 40चा सांधा ओलांडून थांबा. हे वळण घाईत काढू नका, सगळा जपान त्यावर उभा आहे. वरच्या चौकोनात होक्काइदो. होन्शूच्या खाली शिकोकू, त्याच्या डावीकडे क्यूशू; हीही बेटंच.

आता शहरं. 35 आणि 135 जिथे छेदतात, तिथून जरा खाली आकाशी. देशाचं घड्याळ 135च्या रेघेवर लावलेलं, म्हणून आपल्याकडे दुपारचे बारा वाजतात तेव्हा तिथे साडेतीन. छेदाच्या उजवीकडे लगेच क्योतो, 794पासून हजाराहून जास्त वर्षं सम्राटाची राजधानी. 140च्या सांध्याला चिकटून, 35च्या वर तोक्यो. याचं जुनं नाव एदो. 1603मध्ये तोकुगावा इएयासू या लष्करी शासकाने (शोगुनने) तिथून कारभार सुरू केला. 1868मध्ये नाव बदललं: तोक्यो, म्हणजे पूर्वेची राजधानी. कुणाच्या पूर्वेची? मुलांना बोट क्योतोवर ठेवून उजवीकडे सरकवायला सांगा. तुम्ही सांगायच्या आधीच ती ओरडतात.

130 आणि 135च्या मधोमध, 35च्या खाली हिरोशिमा. हिरो म्हणजे रुंद, शिमा म्हणजे बेट. मुख्य भूमीवरच्या शहराला बेट का म्हटलं? ओता नदी समुद्राला मिळताना फाटे फुटून गाळाची बेटं झाली. त्यांवर 1589मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि शहर वाढलं. इथे निळा खडू घ्या, फाटे काढा. नद्या मात्र आखूडच काढा. मधोमध डोंगर, दोन्ही बाजूंना समुद्र, पाणी वाहणार तरी किती? सगळ्यांत लांब शिनानो, तीही 367 किलोमीटर. आपली गोदावरी त्र्यंबकपासून 1465 किलोमीटर जाते.

शेवटी क्यूशूपासून नैर्ऋत्येला ठिपक्यांची माळ, 25च्या सांध्याच्या जरा वरपर्यंत. तिथे ओकिनावा बेट, त्यावर नाहा शहर. 1879पर्यंत हे र्‍यूक्यूचं वेगळं राज्य होतं, म्हणून मी हे ठिपके दुसऱ्या रंगाने काढायला लावते. आमच्याकडे तेवढ्यात ओसरी संपते, नाहा पायरीवर येतं.