अँबेसडरचा गिअरबॉक्स उघडताय? आधी आवाज ऐका

आमची 1961 ची अँबेसडर, वडिलांच्या काळातली, अजून पेठेतल्या वाड्यात उभी असते. तिचा गिअरबॉक्स मी दोनदा उघडलाय. त्यातला पहिल्यांदा उगाच. पहिला गिअर टाकताना करकरतो म्हणून सगळं खाली घेतलं, आणि मग कळलं की त्या गिअरला सिंक्रो (दात जुळण्याआधी वेग सारखा करणारी यंत्रणा) नसतोच! गाडी पूर्ण थांबवून टाका, करकर बंद.

म्हणून आधी एक चक्कर मारा. दुसरा-तिसरा टाकताना खरखरत असेल तर पितळी सिंक्रो रिंगा झिजल्यात. पहिल्या तिन्ही गिअरना घूंऽऽ आणि चौथ्याला शांत? मग संशय लेशाफ्टवर, म्हणजे गिअरचा जोडगठ्ठा (क्लस्टर) ज्यावर फिरतो त्या खालच्या दांड्यावर. चौथा थेट असतो, त्यात क्लस्टर नुसता फिरतो, भार घेत नाही.

ऑइल गरम असताना पांढऱ्या ताटात काढा. सोनेरी चमक दिसली तर ती रिंगांची झीज. लोहचुंबकाला टोकदार कण चिकटले तर दात किंवा बेअरिंग गेलंय.

बॉक्स उतरवायला मॅन्युअल आणि एक दणकट भाचा पुरतो. खरी मेख आत आहे. लेशाफ्ट नुसताच ठोकून काढलात तर बेअरिंगच्या सुया सांडतात. लेथवाल्याकडून क्लस्टरच्या लांबीचा, किंचित बारीक दांडा करून घ्या आणि त्यानेच शाफ्ट ढकला. दांडा आत राहतो, सुया जागच्या हलत नाहीत, क्लस्टर अलगद तळाशी बसतो. जोडताना दोन्ही टोकांचे वॉशर ग्रीसने चिकटवा.

सिंक्रोचा हब फडक्यात गुंडाळूनच सोडवा, आत स्प्रिंगवर गोळ्या असतात. माझी एक तुळशीच्या कुंडीत गेली ती दिवाळीच्या साफसफाईत सापडली. तोवर नाना पेठेत तीन दुकानं पालथी घालून झाली होती.

रिंग रॉकेलने धुवा, पुसा, गिअरच्या निमुळत्या शंकूवर अंगठ्यांनी दाबून फिरवा. चांगली असेल तर धरते, घसरली तर बाद. आतून नख फिरवून बघा: नव्या रिंगेच्या बारीक आट्या नखाला अडतात, जुनीवरून नख सुळकन जातं. रिंग आणि गिअरचे दात यांच्यातली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा, नव्या रिंगेशी ताडा. जुन्या बाजारातली रिंग स्वस्तात मिळते, पण घ्यायची तर तिथेच उभं राहून नख फिरवा.

पॅकिंग आणि ऑइल सील नवीनच. ऑइल मात्र जीएल-4 मागा (हा गिअर ऑइलचा दर्जा, डब्यावर छापलेला असतो). जीएल-5 मधली काही रसायनं पितळ खातात. दुकानदार "एकच आहे हो काका" म्हणेल. डबा फिरवून वाचा.