ईस्टर आलाय पण मन लागत नाही? मग हे करून बघा
यंदा आंबा गेला, होडीचं कर्ज अंगावर, त्यात विश्वासही डळमळलाय, आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे घरोघर ईस्टरची तयारी चाललेली, असं असेल तर उगाच हसरा चेहरा करून फिरू नका. आधी योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय काढा नि मोठ्याने वाचा. येशूचा शिष्य पेत्र, त्याने कोळशाच्या शेकोटीपाशी उभं राहून येशूला ओळखत नाही म्हणून नाकारलेलं, तेही तीनदा, नंतर रात्रभर जाळं टाकून एक मासा नाही (रापणवाल्यांना हे वेगळं सांगायला नको), आणि पहाटे किनाऱ्यावर परत कोळशाचीच शेकोटी, वर मासळी नि भाकर, मरणातून उठलेला येशू आधी म्हणतो या, न्याहारी करा, मग तीनदा विचारतो माझ्यावर प्रेम करतोस का. हिशोब मागितलाच नाही! इथे थांबा, आपण कुठे पाठ फिरवली ते येशूला साध्या शब्दांत सांगा, कन्फेशनला (फादरसमोर पापांची कबुली द्यायला) जावंसं वाटलं तर जा.

शंकाच जास्त असतील तर ईस्टरनंतरच्या रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवू नका, त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये दरवर्षी थोमा या शिष्याचीच गोष्ट वाचतात, येशू उठलाय हे जखमा बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा तो, तरी बाकीच्या शिष्यांनी त्याला बाहेर काढलं नव्हतं. एका रविवारात नाही जमलं तरी घाई कसली, ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) 50 दिवस चालतो.