स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढू नका, कॉम्प्युटरवरच स्क्रीनशॉट घ्या

एप्रिल-मे आला की पुण्यात सवलतीत मिळकतकर भरायची घाई सुरू होते. घरच्या कॉम्प्युटरवरून पैसे भरले जातात आणि सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न येतो, "पैसे कापले गेले, पण पावती आली नाही, आता काय करायचं?" सोबत मॉनिटरचा मोबाइलने काढलेला फोटो असतो. तो तिरका, त्यावर ट्यूबलाइटची चमक, आकडे पुसट. मदत करणाऱ्याला व्यवहार क्रमांकच वाचता येत नाही. तक्रार करायची तर हाच क्रमांक आधी विचारतात, म्हणून तो स्वच्छ दिसलाच पाहिजे.

विंडोज १० किंवा ११ असेल, तर हे करा:

१. जे दाखवायचं आहे ते स्क्रीनवर आणा.
२. कीबोर्डच्या खालच्या ओळीतलं विंडोजचं बटण आणि शिफ्ट दाबून धरा, मग एस दाबा. स्क्रीन किंचित काळवंडते आणि वर एक छोटी पट्टी येते.
३. माउसचं डावं बटण दाबून धरा, हव्या त्या भागाभोवती चौकोन ओढा आणि बटण सोडा.
४. व्हॉट्सॲप वेब किंवा ईमेल उघडून कंट्रोल + व्ही दाबा. चित्र तिथे उमटेल.

इथे एक काळजी घ्या. हे चित्र क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेली गोष्ट तात्पुरती राहते त्या जागी असतं. मध्येच दुसरं काही कॉपी केलंत की ते जातं. कोपऱ्यात येणाऱ्या सूचनेवर क्लिक करून लगेच सेव्ह करा.

पैसे अडकले असतील, तर मात्र चौकोन ओढत बसू नका. विंडोजच्या बटणासोबत प्रिंट स्क्रीन दाबा. अख्खी स्क्रीन थेट 'पिक्चर्स'मधल्या 'स्क्रीनशॉट्स' फोल्डरमध्ये जाते. त्यात वरचा वेबसाइटचा पत्ता आणि खालच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ दोन्ही येतात. पुढे दाद मागायची वेळ आली तर हेच उपयोगी पडतं. फक्त समोरची एक विंडो हवी असेल तर ऑल्ट + प्रिंट स्क्रीन.

क्लिक करताच मिटणारा मेनू दाखवायचा आहे? 'स्निपिंग टूल' उघडा, उशिराची वेळ ('डिले') ३ किंवा ५ सेकंद ठेवा, 'न्यू' दाबा आणि तेवढ्यात मेनू उघडून ठेवा.

मॅकवर कमांड + शिफ्ट + ३ ने पूर्ण स्क्रीन, ४ ने हवा तो भाग. फाइल डेस्कटॉपवर येते. उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) असेल तर २२.०४ पासून पुढे नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की निवडीचा चौकोन समोर येतो.

पान लांबलचक असेल तर तुकडे जोडत बसू नका. फायरफॉक्समध्ये पानावर राइट क्लिक करून 'टेक स्क्रीनशॉट' निवडा, तिथे पूर्ण पान एकदम घेता येतं. आणि पावती नीट उघडली असेल तर माझ्या मते स्क्रीनशॉट घेऊच नये. कंट्रोल + पी दाबून 'सेव्ह ॲज पीडीएफ' करा. छापतानाही अक्षरं फुटत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ग्रुपवर टाकण्याआधी खाते क्रमांक, मोबाइल नंबर, आधार क्रमांक झाका. हायलाइटरने कितीही गिरवलं तरी त्याची शाई पारदर्शक असते, चित्र उजळ केलं की आकडे डोकावतात. अंधुक केलेले आकडेही कधी कधी ओळखता येतात. पेंटमध्ये चित्र उघडून त्या जागी काळ्या रंगाने भरलेला चौकोन ठेवा.

कापलेलं चित्रही नव्या नावाने सेव्ह करावं. २०२३ च्या मार्चमध्ये विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमधला एक दोष उघड झाला होता. चित्र कापून त्याच फाइलवर सेव्ह केलं, की कापलेल्या भागाची माहिती फाइलमध्ये उरत होती. दुरुस्ती त्याच महिन्यात आली, पण अपडेट न केलेले कॉम्प्युटर अजूनही असतील.

फाइलचा प्रकार पीएनजीच ठेवा, जेपीजीमध्ये अक्षरांच्या कडा मळकट दिसतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'फोटो' ऐवजी 'डॉक्युमेंट' निवडा, म्हणजे चित्र दाबून लहान केलं जात नाही आणि समोरच्याला झूम करून शेवटचा आकडाही वाचता येतो.