धान्य आणि भाज्यांचं सॅलड: दाणा मोकळा कसा राहील?

धान्याचं सॅलड बहुतेक वेळा पाण्यामुळे बिघडतं. दाणे ओलेच मिसळले जातात, काकडी-टोमॅटोला पाणी सुटतं आणि तासाभरात भांड्याच्या तळाशी पांचट पाणी साचतं. मग वरून कितीही मीठ-लिंबू घाला, चव येत नाही. त्यामुळे खरी मेहनत पाणी काढण्यावर घ्यायची.

चौघांसाठी १ कप (२४० मिली) कोरडं धान्य पुरतं. शिजून ते अडीच ते तीन कप होतं. चिरलेल्या भाज्याही साधारण तेवढ्याच घ्या. चावून खायची मजा अख्ख्या गव्हात आणि बार्लीत सगळ्यात जास्त, शिवाय ती दुसऱ्या दिवशीही टिकते. भात फ्रीजमध्ये कडक होतो, म्हणून तांदळाचं सॅलड त्याच दिवशी संपवा. किनोआच्या सालीवर कडवट थर असतो. फेस यायचा थांबेपर्यंत तो चोळून धुवा.

मोजून पाणी घालून धान्य आटवू नका. तळाचे दाणे गिच्च होतात आणि पाण्यात उतरलेला स्टार्च पुन्हा दाण्यांनाच चिकटतो. त्यापेक्षा मोठ्या पातेल्यात २ लिटर पाणी उकळा, ३ छोटे चमचे मीठ घाला आणि त्यात धान्य सोडा. रात्रभर भिजवलेले गहू ४० ते ५० मिनिटांत शिजतात, पॉलिश केलेली बार्ली २५ ते ३०, किनोआ साधारण १२. धान्य जितकं जुनं तितका वेळ जास्त लागतो, म्हणून घड्याळापेक्षा दाण्यावर विश्वास ठेवा. एक दाणा नखाने मधोमध तोडून बघा. आत पांढरा कोरडा ठिपका दिसला तर अजून कच्चा आहे. गव्हाचे मोजकेच दाणे उलले की गॅस बंद करा.

चाळणीत ५ मिनिटं निथळू द्या, मग रुंद ताटात पातळ पसरा. थंड पाण्याखाली अजिबात धरू नका: दाण्याच्या अंगातली उष्णताच वरचा ओलावा वाफेने उडवून लावते, ती घालवली की पाणी तिथेच राहतं. १० ते १५ मिनिटांत दाणे बोटांना चिकटेनासे होतात.

तोवर ड्रेसिंग करा. नुसत्या पानांच्या सॅलडला ३ भाग तेल आणि १ भाग आंबट असं प्रमाण चालतं, पण स्टार्चमुळे आंबटपणा दबतो. म्हणून इथे ३ मोठे चमचे तेलाला २ मोठे चमचे लिंबाचा रस, १ छोटा चमचा मस्टर्ड सॉस, अर्धा छोटा चमचा मीठ आणि मिरपूड. हे सगळं झाकणाच्या बरणीत घालून जोरात हलवा. मस्टर्डमुळे तेल आणि रस लवकर वेगळे होत नाहीत. धान्य कोमट असतानाच यातलं दोन-तृतीयांश त्यात कालवा. गार दाण्यात ते तितकं मुरत नाही.

काकडी उभी चिरून चमच्याने बिया काढा, फोडींना अर्धा छोटा चमचा मीठ चोळा, १५ मिनिटांनी घट्ट पिळा. टोमॅटोचा बियांसकटचा पाणचट गर काढून टाका. कांदा बारीक चिरून १० मिनिटं लिंबाच्या रसात ठेवला की उग्रपणा जातो. गाजर, सिमला मिरची तशीच घाला. फोडी मात्र हरभऱ्याएवढ्याच हव्यात, नाहीतर दाणे खाली आणि भाज्या वर असे दोन थर होतात. भाजलेल्या भाज्या हव्या असतील तर २२० अंश सेल्सिअसला २०-२५ मिनिटं, एकाच थरात. ट्रेमध्ये गर्दी केली तर त्या भाजत नाहीत, वाफवल्या जातात.

पानं धुऊन फडक्याने अगदी कोरडी करा. ती आणि शेंगदाणे-बिया वाढतानाच घाला, नाहीतर पानं मलूल पडतात आणि शेंगदाणे मऊ होतात.

शिजलेलं धान्य दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, आणि धान्य बाहेर राहिलं की त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. हे ताटात पसरणं इथेही कामी येतं, कारण धान्य लवकर गार होतं. बंद डब्यात फ्रीजमध्ये ३ दिवस ठेवता येईल. खायच्या २० मिनिटं आधी डबा बाहेर काढा, उरलेलं ड्रेसिंग घाला आणि चाखून बघा; गारठ्याने चव मंदावते, त्यामुळे चिमूटभर मीठ आणि थोडं लिंबू पुन्हा लागतंच.