फुकट मँडोलिन मिळतंय? घ्या, पण असं घ्या

गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या एका पोराचा फोन आला. ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवतोय, हात गोड आहे, ट्रेमोलो, म्हणजे तार भरभर छेडून स्वर लांबवणं, तर असा की डोळे मिटून ऐकत बसावं. "दादा, एक कंपनी फुकट मँडोलिन देत्या म्हणत्या, घेऊ काय?" म्हटलं घे की, पण संध्याकाळी रंकाळ्यावर ये आणि त्यांनी काय लिहून दिलंय ते घेऊन ये. तर म्हणतोय लिहून कुठलं दादा, व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय. मेसेज तीन ओळींचा. तुमचं काम आवडलं, वाद्य पाठवतो, आमच्यासाठी व्हिडिओ करत राहा. करत राहा म्हणजे किती, कधीपर्यंत, वाद्य कुणाच्या मालकीचं, कायसुद्धा नाही. मी वीस वर्षं हेच वाद्य वाजवतोय, दोनदा असं फुकटचं घेतलंय, एकदा चांगलं झालं आणि एकदा मनस्ताप झाला, म्हणून त्या पोराला कट्ट्यावर बसून जे सांगितलं ते सगळ्यांसाठीच लिहितोय.

आधी हे डोक्यात पक्कं करा की वाद्य बनवणारा तुमच्यावर उपकार करत नाही. वाद्याच्या दुकानात जाऊन बघा, गिटार भिंतभर लटकलेल्या असतात आणि मँडोलिन कोपऱ्यात एखादं. इतक्या छोट्या मार्केटमध्ये जाहिरात परवडत नाही, पण गणपतीत तुम्ही स्टेजवर वाजवताना पुढच्या रांगेतलं एखादं पोरगं कार्यक्रम संपल्यावर येऊन विचारतं "कुठलं हाय ओ हे?", तो प्रश्न बनवणाऱ्याला हवा असतो. त्याला ते वाद्य दुकानातल्या किमतीत पडत नाही, लाकूड, तारा, खुंट्या आणि मजुरी एवढ्यात पडतं. तो वाद्याच्या रूपानं पैसे देतोय, तुम्ही नावाच्या रूपानं देताय. हा व्यवहार आहे, आणि व्यवहार म्हणूनच बोलायचं, लाजायचं काही कारण नाही.

नावाची किंमत काय असते ते बिल मन्रोवरून कळतं. अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीताचा बापमाणूस. त्याचं जे मँडोलिन जगप्रसिद्ध झालं, गिब्सन कंपनीचं एफ-५ मॉडेल, आतल्या लेबलवर कंपनीच्या लॉइड लोअर या माणसाची सही आणि ९ जुलै १९२३ ही तारीख, ते त्याला कंपनीनं दिलेलं नव्हतं. १९४० च्या दशकात फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानात त्याला ते दिसलं आणि त्यानं १५० डॉलरला सेकंडहँड घेतलं. पुढं ते दुरुस्तीला कंपनीकडं पाठवलं, काम मनासारखं झालं नाही, तर त्यानं वाद्याच्या डोक्यावरचं, खुंट्या असतात तिथलं, कंपनीचं नावच खरवडून काढलं. पुढची कितीतरी वर्षं लोकांनी स्टेजवर ते खरवडलेलं डोकं बघितलं, १९८० मध्ये कुठं दोघांचं परत जुळलं. माझ्या दृष्टीनं यात सगळं आलं. वाद्य फुकट मिळालं की विकत घेतलं हे दुय्यम आहे, बिघडल्यावर बनवणारा कसा वागतो ते महत्त्वाचं.

आता "देतो" म्हणजे नक्की काय ते विचारून घ्या, कारण या एका शब्दात चार वेगवेगळ्या गोष्टी लपतात. कायमचं बक्षीस, म्हणजे वाद्य तुमचं झालं. आर्टिस्ट प्राइस, म्हणजे फुकट नाही, सवलतीत, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना हेच मिळतं आणि हे वाईटपण नाही. सिग्नेचर मॉडेल, म्हणजे तुमच्या नावाचं मॉडेल काढून विक्रीवर काही टक्के, ते फार मोठ्या नावांना, सोडून द्या. आणि चौथं लोन, म्हणजे वाद्य कंपनीचं, तुम्ही फक्त वाजवायचं. गोंधळ सगळा या लोनमध्ये होतो, कारण वाद्य घरी येतं, केस उघडली की नव्या पॉलिशचा वास येतो, आई हळदीकुंकू वाहते, आणि माणसाला वाटायला लागतं की हे आता माझं.

माझ्या एका मित्राचं असंच झालं. लोनवर मँडोलिन आलं, सुंदर, पण पिकअप, म्हणजे वाद्याचा आवाज थेट साउंड सिस्टिमला देणारा भाग, नव्हता. ऑर्केस्ट्रात माईकसमोर मँडोलिन वाजवायचं म्हणजे शेजारी ऑक्टोपॅड, मागं ढोलकी, साउंडवाल्यानं जरा फेडर वर केला की शिट्टी. मग यानं ओळखीच्या रिपेअरवाल्याकडं नेलं आणि खालच्या टोकाला, जिथं पट्ट्याचं बटन असतं तिथं, जॅकसाठी १२ एमएमचं भोक पाडून घेतलं. काम अगदी सफाईनं केलं होतं, मी स्वतः बघितलंय. वर्षानं वाद्य परत मागितलं आणि भोक बघून पूर्ण किंमत भरा म्हणाले. कागदावर काहीच नव्हतं, ना त्याच्या बाजूनं ना त्यांच्या. त्यानं दोन सीझनच्या सुपाऱ्यांचे पैसे हप्त्या-हप्त्यानं भरले. म्हणून लोनचं वाद्य असेल तर भोक नाही, पॉलिश नाही, फ्रेट घासणं नाही, काहीही करायचं असेल तर आधी विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. पिकअप पाहिजेच असेल तर क्लिपवाला किंवा चिकटवायचा पिझो (छोटा पिकअप) लावा, निघतो तरी.

वाद्य आलं की लगेच फोटो टाकू नका, हे मी हात जोडून सांगतो. एकदा फोटो पडला की तुम्ही अडकला. आधी आठही तारा नेहमीच्या सुरात, ट्यूनर ४४० हर्ट्झवर ठेवून, लावा आणि रात्रभर ठेवून द्या. मँडोलिन दिसायला छोटं, तारेची लांबी साधारण १४ इंच, पण आठ तारांचा मिळून ताण ७०-८० किलोच्या घरात जातो, एक माणूस त्या तारांना लटकलाय असं समजा. सकाळी उठून बघा किती उतरलंय. नव्या तारा थोड्या उतरणारच, पण एका जोडीतली एक तार जागेवर आणि दुसरी घसरलेली असेल तर बहुधा खुंटीचा गिअर सैल आहे. सा-सा, प-प जोडी एकजीव लागत नसेल तर ते वाद्य कितीही नक्षीदार असू दे, स्टेजवर तुमची लाज काढणार.

मग बारावी पट्टी, म्हणजे बारावा फ्रेट. ती तारेचा बरोबर मध्य. तिथं तारेवर बोट नुसतं टेकवून घंटीसारखा स्वर काढा, मग तीच पट्टी दाबून वाजवा, दोन्ही स्वर एक यायला पाहिजेत. दाबलेला स्वर चढा आला तर घोडी, म्हणजे ज्यावर तारा टेकतात ती, किंचित टेलपीसकडं, तारा अडकवलेल्या खालच्या टोकाकडं, सरकवा, उतरलेला असेल तर उलट, मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानंच बसलेली असते. घोडी सरकवून जमलं तर काही दोष नाही. बारावी जुळली आणि तरी पाचवी-सातवी बेसूर असेल तर बहुधा पट्ट्याच चुकीच्या बसल्यात, ते वाद्य सरळ परत पाठवा. नंतर सुतार फळी बघतो तसा एक डोळा मिटून नेकवरून बघा. अगदी थोडा खोलगटपणा चालतो, पीळ चालत नाही. शेवटी घोडीच्या आजूबाजूला पोट खाली दबलंय का ते तिरप्या उजेडात बघा, आणि आवाजाच्या भोकाच्या कडेला लाकडाच्या रेषा वरून आत तशाच उतरतात का बघा. उतरत असतील तर अखंड लाकूड, थर दिसले तर प्लाय. प्लाय म्हणजे टाकाऊ नाही हां, पण अखंड म्हणून दिलंय आणि निघालं प्लाय, तर देणाऱ्याचा माणूस म्हणून अंदाज आला.

एवढं झालं की किमान चार कार्यक्रम त्यावर वाजवा. एक हॉलमध्ये, एक उघड्यावर, जमलं तर एक पावसाळ्यात. कोल्हापूरचा जुलै तुम्हाला माहिताय, कपाटातल्या कपड्यांना वास मारतो, तर अखंड लाकडाचं पोट ओल पिऊन फुगणारच, घोडी वर उचलली जाते आणि तारा पट्टीपासून लांब जातात. माझा वाईट अनुभव हाच. मार्चमध्ये वाद्य आलं, लोण्यासारखं वाजत होतं, ऑगस्टमध्ये गणपतीच्या तालमी चालू झाल्या आणि बोटं सोलून निघायला लागली. कंपनीला फोन केला तर म्हणे हवामानाची जबाबदारी आमची नाही, पाठवायचं तर जायचं-यायचं कुरिअर तुमचं, दीड महिना लागेल. ऐन गणपतीत दीड महिना! आणि करार असा की स्टेजवर दुसऱ्या कंपनीचं वाद्य घ्यायचं नाही. ती अट मी न वाचता सही केलेली, चूक माझी, पण त्या अकरा दिवसांत मला कळलं की एक्स्क्लुझिव्ह हा शब्द केवढ्याला पडतो.

तर कागद. वकील लागत नाही, एक पान पुरे, मराठीत असलं तरी चालतं, ईमेलवर दोन्हीकडून "मान्य" आलं तरी खूप झालं. वाद्य कुणाचं, सिरीयल नंबर काय, किती महिन्यांसाठी. त्या बदल्यात मी काय करणार, आकड्यात लिहा, "वर्षात चार व्हिडिओ" असं, "सहकार्य करीन" असं नाही. दुसरं वाद्य वाजवायची मुभा, निदान यांचं दुरुस्तीला गेलेलं असताना आणि रेकॉर्डिंगला. जुन्या गाण्यांचे पीस वाजवताना वेगळा आवाज लागतो, अरेंजर म्हणतो ते जुनं घेऊन ये, तेव्हा तुम्ही काय सांगणार? सर्व्हिस कोण करणार, कुठं, किती दिवसांत, कुरिअर कुणाचं. चोरीला गेलं, टेम्पोतून पडलं तर भरपाई कुणी द्यायची. माझे फोटो किती दिवस वापरणार, संबंध संपल्यावर काढणार का. आणि दोघांपैकी कुणालाही महिन्याची नोटीस देऊन बाहेर पडता यावं, ही ओळ तर पाहिजेच पाहिजे. जो बनवणारा एवढं लिहून द्यायला कुरकुरतो त्याचं वाद्य मी घेणार नाही, किती का भारी असेना.

टॅक्सचं कुणी सांगत नाही. १ जुलै २०२२ पासून आयकराचं कलम १९४आर लागू झालं, त्यानुसार धंद्या-व्यवसायातून मिळालेल्या वस्तू-लाभाची किंमत वर्षात २०,००० रुपयांवर गेली तर देणाऱ्यानं १० टक्के टीडीएस भरायचा असतो. म्हणजे ३०,००० चं मँडोलिन असेल तर ३,००० चा प्रश्न आला, आणि वस्तूच्या रूपात दिलंय म्हटल्यावर कापायचं कशातून, तर ते कोण भरणार हे आधीच ठरवा. आयकर खात्यानं तेव्हाच स्पष्ट केलंय की वस्तू वापरून परत केली तर तो लाभ धरत नाहीत, ठेवून घेतली तर धरतात, त्यामुळं लोन आणि बक्षीस यातला फरक इथंही येतो. छोट्या कारागिराची उलाढाल १ कोटीच्या आत असेल तर त्याच्यावर टीडीएस कापायची सक्ती नाही, पण तुमच्या उत्पन्नात ती किंमत धरायची ती धरायचीच. आता नवीन आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, सीएला एकदा विचारून घ्या. परदेशातून पार्सल येणार असेल तर कस्टम ड्युटी कोण भरणार हेपण त्या एका पानावर टाका.

आणि लोकांना सांगा की फुकट मिळालंय. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेनं २०२१ मध्येच नियम केलेत, फुकट वस्तू घेऊन पोस्ट टाकली तरी ते उघड लिहायचं, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानंही जानेवारी २०२३ मध्ये तेच सांगितलंय. पण नियम बाजूला ठेवा. गडहिंग्लजचं एखादं पोरगं वडिलांना पैसे साठवायला लावून तुमच्या शब्दावर मँडोलिन घेतं, त्याला कळायला नको का? मी "हे मला कंपनीनं दिलंय, आवाज छान आहे, खुंट्या बदलून घ्या" असं सरळ बोलतो. चांगल्या बनवणाऱ्याला याचा राग येत नाही.

बनवणाऱ्यांसाठीही थोडं सांगतो, कारण आता आपल्याकडं दोन-चार हौशी पोरं स्वतः मँडोलिन करायला लागलीत, टेलपीस उद्यमनगरात कापून घेतात, भारी वाटतं बघून. पहिलं वाद्य फॉलोअर बघून देऊ नका. जो सीझनला चाळीस रात्री वाजवतो, टेम्पोतून फिरतो, घामाच्या हातानं वाजवतो, त्याला द्या. आणि त्याच्याकडून कौतुक मागू नका, वाद्यातले दोष विचारा. तीन महिने लोनवर द्या, दर महिन्याला जाऊन भेटा, काय खटकतंय ते लिहून घ्या, दुरुस्त करा, मग कायमचं द्या. आपल्या शेजारी मिरज आहे, पन्नास किलोमीटरच्या आत, तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. तिथं गवई आणि कारागीर यांचं नातं वर्षानुवर्षं टिकतं ते जवारीवर, म्हणजे घोडी घासून तारेच्या आवाजात जी गुंज आणतात तिच्यावर. गवई तंबोरा घेऊन येतो, कारागीर घोडी घासतो, ऐकतो, परत घासतो, दोरा सरकवून बघतो, गवयाची मान हलेपर्यंत सोडत नाही. मँडोलिनवाल्यांनी हेच करावं असं मला मनापासून वाटतं. ज्याची घोडी तुम्ही दरवर्षी पावसाळ्यानंतर बसवून देता तो तुमचं नाव न सांगता राहूच शकत नाही.

त्या पोरानं मग कंपनीला एक पान पाठवलं. चार दिवस उत्तर नाही, बिचारा रोज मला फोन करायचा. पाचव्या दिवशी आलं, एक वर्ष लोन, वर्षात सहा व्हिडिओ, दुरुस्तीला असताना दुसरं वाजवायची मुभा, जाता-येता कुरिअर त्यांचं. एक्स्क्लुझिव्ह काढून टाकलं. पाऊस संपल्यावर वाद्य येणार आहे.

परत करायची वेळ आली तर तेही नीट करा, तिथंही लोक चुकतात. आलं त्या दिवशी आणि जाताना, दोन्ही वेळा चारी बाजूंनी तारखेसह फोटो काढून ठेवा. पाठवताना तारा पूर्ण सोडू नका, घोडी पडते आणि समोरच्याला तिची जागा सापडत नाही. दोन स्वर उतरवा, टेलपीसखाली आणि घोडीच्या दोन्ही अंगांना मऊ फडकं सरकवा, डोक्याखाली केसमध्ये पोकळी राहू देऊ नका कारण पडलं की तडा तिथंच जातो, आणि वरच्या चिठ्ठीवर सिरीयल नंबर लिहून पावती जपून ठेवा.